बाबांना वाइन बारमध्ये नेऊ का?

प्रिय ताई,
मी दिंडोरी तालुक्यातला. गेली चार वर्षं कोपनहेगनला नोकरी करतो. येत्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येताहेत, तीन आठवड्यांसाठी. माझ्या घराजवळ, नोरेब्रोमध्ये, एक छोटं बिस्त्रो आणि वाइन बार आहे. मिशेलिन गाइडच्या 'बिब गुर्मां' यादीत, म्हणजे माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्या जागांच्या यादीत, त्याचं नाव आहे, त्यामुळे इथल्या मानाने परवडणारं. इथे आल्यापासून काही चांगलं घडलं की मी तिथेच जातो, म्हणून त्यांना एकदा तिथे न्यावं असं फार मनात आहे. पण आई माळकरी आहे, अंडंही खात नाही, आणि मी वाइन घेतो हे तिला माहीत नाही. बाबांची चार एकर द्राक्षबाग आहे. त्यातली दीड एकर शेनिन ब्लांक, वाइन कंपनीशी करार केलेली. पण कुणी ग्लास भरून पुढे ठेवलाय आणि बाबा टेबलावर बसलेत, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालेलं नाही. इंग्रजी येत नाही. बिल बघितलं तर झोपायचे नाहीत. मित्र म्हणतो, सरळ इंडियन रेस्टॉरंटमध्ये ने आणि मोकळा हो. बाबांना तिथलं काय कळणार?
— द्राक्षबागेतला

प्रिय द्राक्षबागेतल्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबले. बाबांना तिथलं काय कळणार, असं तू विचारतोस. अरे, त्या संध्याकाळी त्या खोलीत वीस-पंचवीस माणसं ग्लास फिरवत, वास घेत बसलेली असतील. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आला म्हणून रात्री दोनला उठून डाऊनीची, म्हणजे त्या बुरशीरोगाची, फवारणी केलेला माणूस त्यांच्यात एकच असणार, आणि तो तुझ्या टेबलावर बसलेला असेल. मणी दाताखाली फोडून साखर किती भरली ते ब्रिक्समीटर लावायच्या आधी सांगणारा माणूसही तोच. तेव्हा न्यायचं की नाही हा प्रश्न माझ्या लेखी उरलेलाच नाही. कसं न्यायचं तेवढं बोलू.

आधी वाइनचं सांगते, कारण तुला सगळ्यात जास्त धास्ती तिथेच आहे आणि मला सगळ्यात जास्त आशाही तिथेच दिसते.

शेनिन ब्लांकचं माहेर फ्रान्समधलं ल्वार नदीचं खोरं. कोपनहेगनच्या वाइन बारवाल्यांचा ल्वारवर विशेष जीव, कारण फारशी रसायनं न घालता वाइन करणारे छोटे शेतकरी तिथे पुष्कळ आहेत. म्हणून मेन्यू हातात आला की वेटरला पहिली गोष्ट विचार: ल्वारची शेनिन ग्लासवर आहे का? असण्याची शक्यता चांगली आहे. आधी बाबांना काही सांगू नकोस. ग्लास पुढे आला की मग सांग, बाबा, ही आपलीच जात, फक्त फ्रान्सच्या मातीतली.

त्यानंतर तू दुभाष्या हो. बाबा विचारतील, काढणी कधी? सप्टेंबर-ऑक्टोबर. आपली जानेवारी ते मार्च. वेल तिथे हिवाळाभर झोपतो आणि वर्षाला एकदाच छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा छाटावी लागते, पीक मात्र एकदाच. हे बाबांच्या तोंडून त्या वेटरला ऐकू दे. वाइन बारमध्ये काम करणारी ही तरुण मुलं-मुली वाइनची खरोखर वेडी असतात. सुट्टी काढून ल्वारला किंवा इटलीला काढणीच्या हंगामात राबायला जाणारीही त्यांच्यात भेटतात. वर्षात दोनदा छाटणी करणारा शेतकरी समोर बसलाय म्हटल्यावर ती खुर्ची ओढून बसली तर मला नवल वाटणार नाही. तू फक्त घाईने, कसंतरी भाषांतर करू नकोस. 'ओलांडा', म्हणजे वेलीची तारेवर आडवी वळवलेली फांदी, हे नीट समजावून सांग. वेळ लागला तर लागू दे.

एक सावधगिरी. कोपनहेगनच्या वाइन बारमध्ये बरीचशी वाइन 'नॅचरल' असते. द्राक्षावरच्या रानटी यीस्टनेच आंबवलेली, टिकण्यासाठी घालतात ते सल्फाइट अगदी कमी किंवा मुळीच नाही, गाळलेली नाही. दिसायला गढूळ, वासाला कधी सफरचंदाच्या सालीसारखी, तर कधी चक्क आंबट ताकासारखी. पहिल्या घोटाला बाबा म्हणतील, हे बिघडलंय. तेव्हा त्यांना गप्प करू नकोस. कधी कधी खरंच बिघडलेलीही असते आणि त्यांचं नाक तुझ्यापेक्षा तयार आहे. बहुतेक ठिकाणी ग्लास भरण्याआधी घोटभर चाखायला देतात. तो घोट बाबांना घेऊ दे, आणि आवडला नाही तर 'क्लासिक, स्वच्छ चवीची द्या' एवढं सांग. कुणी वाईट मानत नाही.

दुसरा ग्लास घ्यायचाच झाला तर डॅनिश वाइन आहे का विचार. डेन्मार्कला व्यापारी वाइन करायची परवानगी युरोपीय संघाकडून 2000 साली मिळाली. म्हणजे तिथला हा धंदा आपल्या नाशिकच्या सुलापेक्षाही धाकटा, सुला 1999 ची. तिथे सगळ्यात जास्त लावतात ती जात सोलारिस, पांढरी. जर्मनीत फ्रायबुर्गच्या संशोधन केंद्रात 1975 साली तयार केलेली. ती लवकर पिकते, म्हणून तिथल्या तोकड्या उन्हाळ्यात जमते. आणि बाबा ज्यासाठी कान टवकारतील ते पुढे आहे: डाऊनीला ती बऱ्यापैकी दाद देत नाही, त्यामुळे फवारण्या फार थोड्या लागतात. डॅनिश वाइन ग्लासला महाग पडते, म्हणून एकच ग्लास घ्या आणि दोघांत घ्या. पण हा विषय त्या टेबलावर निघालाच पाहिजे, कारण 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले होते ते तुझ्या बाबांना विसरता येणार नाही. दिंडोरी-निफाडातल्या कितीतरी घरांनी ते वर्ष कसं काढलं, हे तू तेव्हा लहान असलास तरी ऐकलं असशील. ज्या युरोपने माल अडवला, तिथले लोक काय खातात आणि कशाची एवढी खातरजमा करतात, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघू दे. बिस्त्रोच्या दारावर कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण रंगाचं गोल चिन्ह असलं तर ते दाखव. स्वयंपाकघरातला किती माल सेंद्रिय आहे त्यावरून ते मिळतं. सुवर्ण म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर. हे चिन्ह बघायला बाबा रस्त्यावर पाच मिनिटं थांबतील. थांबू दे.

आता आई. इथे मात्र मी तुला जरा कडकपणे सांगणार आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली आहे.

काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन आम्ही कोपनहेगनला गेलो होतो, फेब्रुवारीत. अशाच एका छोट्या जागी टेबल घेतलं. बुकिंगच्या अर्जावर 'शाकाहारी' अशी खूण केली आणि मी निर्धास्त झाले. पहिली डिश आली. उकडलेले बटाटे, वर घट्ट साय, आणि सायीवर नारिंगी रंगाचे बारीक चकचकीत मणी. सासूबाई म्हणाल्या, अगं, हे बुंदीसारखं काय आहे? आणि त्यांनी अर्धा चमचा तोंडात घातला. ती स्टेनबीडर नावाच्या माशाची अंडी होती. हिवाळ्याच्या शेवटी तिकडे त्यांचा हंगाम असतो आणि सगळीकडे कौतुकाने वाढतात. वेटर कळवळून गेला, ताट बदलून आणलं, पुन्हा पुन्हा माफी मागितली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर नुसता पाव खाल्ला. रात्री हॉटेलच्या बेसिनपाशी त्या किती वेळ चुळा भरत होत्या, तो पाण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. स्वतःला शाकाहारी म्हणवून मासे खाणारी माणसं तिकडे बरीच आहेत, तेव्हा त्या स्वयंपाकघराला दोष द्यायला मी धजत नाही. मी स्पष्ट सांगायला हवं होतं.

म्हणून तू खुणेवर थांबू नकोस. आठवडाभर आधी लेखी निरोप पाठव, आणि आदल्या दिवशी फोन करून तो वाचला गेलाय ना याची खात्री कर. निरोपात एकेक गोष्ट लिही. मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, माशांची अंडी नकोत, कोळंबी-शिंपले नकोत, अंडं नको. मांसाचा किंवा माशाचा अर्क, ज्याला ते 'फाँ' म्हणतात, तो सॉसमध्येही नको. जिलेटिन नको, डॅनिशमध्ये 'हूसब्लास'. ते गोड पदार्थांत लपलेलं असतं. चीज असेल तर दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं नको. हे शेवटचं आईला ठाऊक नसेल, पण तुला आता ठाऊक झालंय, म्हणून तूच बघ. आणि काय चालतं तेही लिही, दूध, लोणी, दही, साय, सगळं चालतं. स्वयंपाक करणाऱ्याला नुसती 'नको'ची यादी मिळाली की तो हवालदिल होतो. अंड्याची अडचण मुख्यतः गोडात येईल. आइस्क्रीममध्ये बलक असतो, केकमध्ये अंडं. पण जून आहे. डेन्मार्कमध्ये जूनच्या स्ट्रॉबेरी आणि वर थंड साय, एवढंच लोक गोड म्हणून आवडीने खातात. आईसाठी तेच माग.

इतकं सगळं सांगूनही ते चांगलं जेवण देतील का? देतील, असं मी म्हणते, आणि त्याला कारण आहे. 2010 च्या आसपास मोठ्या नावाजलेल्या स्वयंपाकघरांत, विशेषतः कोपनहेगनच्या नोमा या रेस्टॉरंटमध्ये, तयार झालेले आचारी बाहेर पडून लहान, साध्या, कमी खर्चाच्या जागा काढू लागले. तुझ्या नोरेब्रोतच, येगर्सबोर्गगेदवर, क्रिस्तियान पुग्लिसीने 'रेले' उघडलं आणि समोरच 'मानफ्रेड्स' नावाचा वाइन बार काढला. दोन्ही 2020 मध्ये बंद झाली, पण भाजी ताटाच्या मधोमध आणि मांस कडेला, हा रिवाज त्यांनी त्या शहरात चांगला रुजवला. गाजर, कांदा, कोबी यांच्यामागे तासन् तास घालवणारे आचारी तिकडे आहेत. शाकाहारी माणसाला सॅलडचं पान देऊन वाटेला लावायचे दिवस तिथे राहिलेले नाहीत.

आणि जून हा तर त्यांचा भाज्यांचा महिना. पांढरी ॲस्परॅगस संपत आलेली, मटार कोवळे, आणि नवे बटाटे, साम्सो बेटावरचे सगळ्यात नावाजलेले. लिंबापेक्षाही लहान, साल इतकी पातळ की सोलत नाहीत. नुसते उकडतात, वर वितळणारं लोणी, जाडं मीठ, आणि मूठभर चिरलेला शेपू. हो, शेपूच. डॅनिश स्वयंपाकाचं शेपूशिवाय पान हलत नाही. आई ताटली नाकाशी नेईल आणि म्हणेल, अय्या, शेपू! त्या क्षणापासून ती जागा तिला परकी वाटणार नाही.

दोन गोष्टी आईला फोनवर आधीच सांग, जूनची वाट बघू नकोस. पहिली, शेजारच्या टेबलावर लोक मांस खात असतील, त्यात गोमांसही असेल. 'टाटार' म्हणजे कच्चं गोमांस, डॅनिश बिस्त्रोंमध्ये ते हमखास मिळतं. ती नको म्हणाली तर आग्रह करू नकोस. मग बाबांना एकट्याला संध्याकाळी पाच वाजता एका ग्लासापुरतं ने, आणि आईला दुसऱ्या दिवशी बेकरीत किंवा बागेत. ती हो म्हणाली तर खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल माग, उघड्या स्वयंपाकघरापासून लांब. तिची ताटली तिच्यापुरतीच असू दे. तिथे पुष्कळ ठिकाणी पदार्थ मधे ठेवून सगळ्यांनी वाटून खायची पद्धत असते, पण तुमचे चमचे तिच्या पदार्थात जाता कामा नयेत.

दुसरी गोष्ट म्हणजे तू वाइन घेतोस ती. हे तिला टेबलावर, वेटर बाटली घेऊन उभा असताना कळू देऊ नकोस. तिच्या गळ्यात माळ आहे, पण तिच्या घराची दीड एकर बाग वाइनसाठीच उभी आहे आणि त्या पैशावर तुझी फी भरली गेली आहे. हे तिला तुझ्याइतकंच कळतं. वाईट वाटेल, कदाचित दोन दिवस नीट बोलणार नाही. तरी फोनवर सांग. परदेशात मुलगा काय करतो याची धास्ती आयांना न सांगितलेल्या गोष्टींनी जास्त बसते. तिच्यासाठी जूनमध्ये ताज्या एल्डरफ्लॉवरचं सरबत मिळेल, पांढऱ्या फुलांचं, थोडं मोगऱ्यासारखं. कोंबुचा मात्र देऊ नकोस. तो आंबवलेला चहा असल्याने त्यात किंचित मद्यांश असतो.

बुकिंग तीन-चार आठवडे आधी कर, पण त्याआधी कालनिर्णय उघडून एकादशी बघ. हे तू विसरशील म्हणून मुद्दाम लिहिते.

पैशांचं बोलू. तीन पदार्थांचा मेन्यू माणशी साधारण 400 क्रोनर धरला, तुम्हा दोघांत मिळून तीन ग्लास वाइन, सरबत, पाण्याचे वेगळे पैसे, कॉफी, तर 1600 च्या आसपास जाईल. क्रोनर तेरा-चौदा रुपयांचा. बाबा मनातल्या मनात एकवीस-बावीस हजार करतील, आणि तिथे थांबणार नाहीत. किलोला चाळीस भाव धरला तर पाच-साडेपाच क्विंटल द्राक्षं, हा हिशेब ते ग्लास खाली ठेवायच्या आत करतील. बिल लपवू नकोस, आधीच गुपचूप भरूनही येऊ नकोस. ते समोर येऊ दे आणि त्यांना समजाव. त्या आकड्यात पंचवीस टक्के कर धरलेला आहे आणि सेवेचे पैसेही. वेगळी बक्षिशी द्यावी लागत नाही. वाढणाऱ्या मुलीचा पगार पुष्कळ ठिकाणी युनियनच्या कराराने ठरतो आणि ती त्यावर नीट जगते. भांडी घासणाराही. मजुराला काय द्यावं लागतं आणि तो मिळवताना काय होतं, हे बागायतदाराला सांगायला नको. खर्च कमी करायचा असेल तर प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन देणारा 'वीनमेन्यू' घेऊ नकोस. त्याला जेवणाइतकेच पैसे पडतात आणि तुम्हा दोघांना एवढी प्यायचीही नाही. सुट्टे ग्लास पुरेत.

वेळ सहाची घे. सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे बाबा म्हणणार, दिवेलागण व्हायच्या आधी कसलं जेवण? पण तिकडची स्वयंपाकघरं साडेनऊला आवरायला लागतात, आणि दोन तासांनी टेबल दुसऱ्या कुणाचं असतं. घास लहान असतात हेही सांगून ठेव. निघायच्या आधी घरी कुकर लावून ठेव. परत आल्यावर वरण-भात खावासा वाटला तर तुझं जेवण फसलं असं समजू नकोस. माझ्या सासूबाईच काय, मीसुद्धा खाल्ला असता.

उठताना आईला तीन शब्द शिकव: 'ताक फोर माद', जेवणाबद्दल धन्यवाद. तिकडे प्रत्येक घरात जेवून उठताना म्हणतात. आई हे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हात जोडून म्हणेल, मला खात्री आहे. मग घाईने घरी जाऊ नका. चालत ड्रॉनिंग लुईसेस ब्रो या पुलावर जा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी कठड्यापाशी उन्हात लोक बसलेले असतात. तिथे बाबांना बसव आणि ते काय बोलतात ते ऐक.

बुकिंगच्या अर्जात 'काही विशेष' असा रकाना असतो. आईच्या पथ्याखाली तिथे आणखी एक ओळ लिही, की माझे वडील नाशिकजवळ शेनिन ब्लांक पिकवतात. तुझा लहानपणचा फोटो असेलच, बागेत बाबांच्या खांद्यावरचा. तो फोनमध्ये वर काढून ठेव.

— तुझी ताई